एका कुपीचा भागाकार

नोव्हेंबर २००४ च्या शेवटच्या आठवड्यात फ्लोरिडातल्या ओकलंड पार्क इथल्या एका क्लिनिकमध्ये चौघांनी चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी इंजेक्शनं घेतली. दोघं नवरा-बायको, रुग्ण म्हणून आलेले. उरलेले दोघं म्हणजे इंजेक्शन देणारा ऑस्टिओपॅथी शाखेचा डॉक्टर आणि त्याची मैत्रीण. थँक्सगिव्हिंगची सुट्टी तोंडावर होती. डॉक्टर आणि त्याची मैत्रीण सणासाठी न्यू जर्सीला गेले, जोडपं फ्लोरिडातच राहिलं. पुढच्या काही दिवसांत चौघंही रुग्णालयात पोहोचले, दोघं फ्लोरिडात आणि दोघं न्यू जर्सीतल्या बेयॉन गावात. हातपाय हलेनात, घोट गिळवेना, श्वास आपला आपण घेता येईना. चौघांनाही बोट्युलिझम, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने होणारा लकवा, झाला होता.

फार्मसीच्या पहिल्या वर्षाला मी औषधांचं मोजमाप शिकवते. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम, मायक्रोग्रॅमचे नॅनोग्रॅम, अमुक तीव्रतेच्या द्रावणाचं तमुक तीव्रतेचं द्रावण. मुलांना हा विषय कोरडा वाटतो. शाळेत दशांशचिन्ह चुकलं की एक गुण जायचा, तेवढीच त्याची किंमत त्यांच्या मनात असते. म्हणून सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुस्तक बाजूला ठेवते आणि हे प्रकरण फळ्यावर मांडते. ते निवडण्याचं कारण असं की या चौघांच्या शरीरात गेलेला पदार्थ नकली नव्हता. त्यात भेसळ नव्हती, तो मुदत संपलेला नव्हता. जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या फ्रीजमध्ये असतो तोच रेणू, बोट्युलिनम टॉक्सिन 'ए'. खरा आणि शुद्ध.

त्या रेणूचं काम आधी समजून घ्यावं लागतं. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा मातीत राहणारा, हवा नसलेल्या जागी वाढणारा जिवाणू. त्याच्या विषाची पहिली नीट नोंद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या युस्टिनस केर्नर या वैद्याने केली. बिघडलेले सॉसेज खाऊन माणसं मरत होती, आणि लॅटिनमध्ये सॉसेजला बोट्युलस म्हणतात, म्हणून हे नाव. १८९५ मध्ये बेल्जियमच्या एलझेल गावात एका अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि त्यातले तिघं दगावले. त्या मांसातून एमिल व्हान एरमेंगेम यांनी हा जिवाणू वेगळा काढला.

आपण भुवया आवळतो तेव्हा चेतातंतूच्या टोकाकडून स्नायूला निरोप जातो. तो निरोप म्हणजे ॲसिटिलकोलिन हे रसायन. तंतूच्या टोकाशी ते बारीक पिशव्यांमध्ये भरलेलं असतं. पिशवी कडेला येऊन चिकटते, उघडते आणि रसायन स्नायूवर सांडतं. पिशवी कडेला चिकटायला काही प्रथिनं लागतात, त्यातलं एक स्नॅप-२५. टॉक्सिन 'ए' हे प्रथिन कापून टाकतं. पिशव्या भरलेल्याच राहतात, पण उघडत नाहीत. स्नायू धडधाकट असतो, तंतू जिवंत असतो, फक्त निरोप पोहोचत नाही. तीन-चार महिन्यांनी तंतू पुन्हा कामाला लागतो आणि आठ्या परत येतात.

हा परिणाम कुठे आणि किती व्हावा, एवढ्यावरच त्याचं औषध असणं टिकून आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रशल्यचिकित्सक ॲलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांसाठी ते वापरलं, आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याला मान्यता दिली. व्हँकुव्हरच्या कॅरुदर्स या डॉक्टर दांपत्याच्या लक्षात आलं की डोळ्यांच्या तक्रारीसाठी हे इंजेक्शन घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या आठ्याही पुसट होतात. त्या आठ्यांसाठीची मान्यता एप्रिल २००२ मध्ये आली. मात्रा ठरली २० युनिट, पाच जागी विभागून.

युनिट म्हणजे काय, इथे वर्गात पहिला हात वर होतो. एक युनिट म्हणजे उंदरांच्या ठरावीक गटाच्या पोटात टोचलं असता त्यातले निम्मे उंदीर मरतील एवढं टॉक्सिन. मुलं क्षणभर गप्प होतात. मी त्यांना थोडा वेळ गप्प राहू देते. कारण पुढे येणारी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: हे युनिट वजनाचं माप नाही, ते परिणामाचं माप आहे, आणि प्रत्येक कंपनी ते आपल्या पद्धतीने, आपल्या उत्पादनासाठी ठरवते. म्हणून अमेरिकेत याच आठ्यांसाठी बोटॉक्स या उत्पादनाचे २० युनिट लागतात आणि डिस्पोर्ट या दुसऱ्याचे ५०. डिस्पोर्ट २००९ मध्ये आलं, पुढे झिओमिन आलं, २०१९ मध्ये ज्युवो, २०२२ मध्ये डॅक्सिफाय. ही सगळी रीतसर मान्यता मिळालेली पर्यायी टॉक्सिनं आहेत. पण एकाच्या हिशोबाने दुसरं टोचता येत नाही, हे प्रत्येकाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. 'पर्यायी' या शब्दाचा प्रामाणिक अर्थ हा. फ्लोरिडात तो वेगळ्याच अर्थाने वापरला गेला.

आता गणित. बोटॉक्सच्या १०० युनिटच्या कुपीत साधारण ५ नॅनोग्रॅम टॉक्सिन असतं. हजार नॅनोग्रॅमचा एक मायक्रोग्रॅम. मिठाच्या एका बारीक कणाचं वजन ६० मायक्रोग्रॅम धरलं, तर त्या कणाचे बारा हजार भाग करून त्यातला एक उचलावा, एवढं. डोळ्यांना काही दिसत नाही. कुपी रिकामी वाटते, तळाशी जो पांढरट थर दिसतो तो मुख्यतः अल्ब्युमिन हे मानवी रक्तातलं प्रथिन आणि मीठ. कारखान्यात हे वजन तोलून भरत नाहीत, कारण एवढं तोलणारा काटा नाही. ते टप्प्याटप्प्याने पातळ करत आणतात, आणि प्रत्येक बॅचची ताकद तपासल्याशिवाय ती बाहेर पडत नाही. पैसे त्या तपासणीचे असतात. त्या काळी १०० युनिटची कुपी डॉक्टरला चारशे डॉलरहून महाग पडायची. त्यात टॉक्सिनची किंमत नगण्य होती, बाकी सगळी किंमत खात्रीची होती.

चौघांना टोचलेलं टॉक्सिन कॅलिफोर्नियातल्या एका उत्पादकाकडचं होतं. तो प्रयोगशाळांना संशोधनासाठी शुद्ध टॉक्सिन पुरवायचा. एका कुपीत १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक लाख नॅनोग्रॅम. पाचने भागा. वजनाच्या हिशोबाने बोटॉक्सच्या वीस हजार कुप्या एका कुपीत. हा भागाकार मी फळ्यावर स्वतः करत नाही, वर्गाला करायला लावते. कुणाचं उत्तर दोनशे येतं, कुणाचं दोन हजार, कुणाचं दोन लाख. एक शून्य इकडे, एक शून्य तिकडे. पेन्सिलने करताना होणारी ही चूक, हातात सिरिंज घेऊन करताना होणार नाही असं मानायला काहीच आधार नाही.

अशी कुपी संशोधकाच्या टेबलावर योग्य जागी असते. तिथे पेट्रीच्या बशीत पेशी असतात, पिंजऱ्यात उंदीर असतात, आणि माणूस काचेच्या या बाजूला हातमोजे घालून असतो. क्लिनिकमध्ये तिचं काम नव्हतं. कुपीवर तसं लिहिलेलंही होतं: फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरासाठी नाही.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्या डॉक्टरने तेच द्रावण स्वतःला टोचून घेतलं होतं, आपल्या मैत्रिणीलाही दिलं होतं. पैशासाठी दुसऱ्याच्या जिवाशी खेळणारा माणूस एवढंच त्याचं चित्र काढलं, तर हे बसत नाही. त्याने कायदा मोडला, त्याचा परवाना आधीच निलंबित झालेला होता, त्याला क्षमा करावी असं मला वाटत नाही. पण मात्रा आपल्याला कळली आहे याची त्याला पुरेपूर खात्री होती. नाहीतर कोण स्वतःच्या चेहऱ्यात सुई घालेल? औषधांच्या धंद्यात मला लबाडीइतकीच अशा खात्रीची भीती वाटते. मान्यताप्राप्त कुपी वापरणाऱ्या डॉक्टरलाही मीठपाणी घालून ती पातळ करावी लागते. मग तो विचार करतो की मी रोज हेच तर करतो. पण रोज तो कारखान्याने हजारो पटींनी पातळ करून आणलेल्या गोष्टीला आणखी थोडं पातळ करत असतो. अवघड भाग आधीच कुणीतरी उरकलेला असतो आणि त्याला तो दिसलेलाही नसतो.

रुग्णालयातलं चित्र पोटातून होणाऱ्या बोट्युलिझमसारखंच होतं. सुरुवात वरून होते. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, तोंड कोरडं पडतं, बोलणं अडखळतं, पाण्याचा घोट नाकातून परत येतो. मग मान, खांदे, हात, छाती, पाय. ताप नसतो. संवेदना शाबूत असतात, आणि मेंदू पूर्ण जागा असतो. माणसाला भोवतालचं सगळं ऐकू येतं, समजतं, हातावर डास बसला तरी कळतं. बोट उचलता येत नाही. व्हेंटिलेटरवर अशा अवस्थेत आठवडे काढावे लागतात. नातेवाइकांना रुग्ण बेशुद्ध वाटतो, म्हणून ते खाटेपाशी बसून नको ते बोलतात. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण पुढे अतिदक्षता विभागात काम करतील, म्हणून हे मी दोनदा सांगते.

बोट्युलिझम इतका विरळ आहे की कित्येक डॉक्टरांनी आयुष्यात एकही रुग्ण पाहिलेला नसतो. पक्षाघात, किंवा मायस्थेनिया, गियाँ-बारे असे स्नायू दुबळे करणारे दुसरे आजार आधी मनात येतात. निदान पक्कं करायला तेव्हा उंदरांवरचीच चाचणी होती आणि तिला दिवस लागत. उपचार मात्र तेवढा वेळ थांबू शकत नाही. प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून बनवतात आणि अमेरिकेत ते रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या साठ्यातून मागवावं लागतं. ते रक्तात फिरणारं टॉक्सिन निकामी करतं. जे चेतातंतूच्या आत शिरलं, ते शिरलं. तिथलं नुकसान भरून यायला तंतूंना नवे फाटे फुटावे लागतात, म्हणजे आठवडे आणि महिने. प्रतिविषाने रुग्ण उठून बसत नाही, आजार आहे तिथे थांबतो. पुढचं काम व्हेंटिलेटरचं, परिचारिकांचं आणि वेळेचं.

चौघंही वाचले. ते किती मोठ्या मात्रेतून वाचले हे २००६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अहवालातून कळलं. त्याच बॅचमधल्या १०० मायक्रोग्रॅमच्या एका कुपीतलं टॉक्सिन समान वाटून टोचलं तर सुमारे १४,२८६ प्रौढ माणसांना मारायला पुरेसं होतं. चौघांना अंदाजे प्राणघातक मात्रेच्या २,८५७ पटींपर्यंत टॉक्सिन मिळालं असण्याची शक्यता होती. तिघांच्या रक्तात, उपचार सुरू होण्याआधी, प्राणघातक मात्रेच्या २१ ते ४३ पट टॉक्सिन सापडलं. प्राणघातक मात्रा म्हणजे श्वास बंद पडून माणूस मरेल ती. श्वास यंत्राने चालू ठेवला तर हृदय चालत राहतं, कारण हे विष हृदयाच्या स्नायूला सहसा थांबवत नाही. म्हणून ही माणसं वाचली. केर्नरच्या काळात चौघांतलं एकही राहिलं नसतं.

तपास सुरू झाला आणि धागा ॲरिझोनातल्या टूसान शहरात पोहोचला. तिथे टॉक्सिन रिसर्च इंटरनॅशनल नावाची कंपनी एक जोडपं चालवत होतं. ते त्याच कॅलिफोर्नियाच्या उत्पादकाकडून टॉक्सिन घेत आणि बोटॉक्सला स्वस्त पर्याय म्हणून डॉक्टरांना विकत. कुपीवर 'माणसांवर वापरासाठी नाही' हीच ओळ होती. त्याच वेळी डॉक्टरांसाठी कार्यशाळाही भरवल्या जात, त्यात ते माणसांवर कसं वापरायचं ते दाखवलं जाई. देशभरातल्या दोनशेहून अधिक डॉक्टरांनी ही टॉक्सिनं विकत घेतली होती.

दोनशे हा आकडा मी फळ्यावर लिहून खाली रेघ मारते. फ्लोरिडाचा डॉक्टर एकटा भरकटला असता तर हे प्रकरण मी शिकवलंच नसतं. दोनशे परवानाधारक डॉक्टरांनी तीच ओळ वाचली आणि ती वकिलांनी घालायला लावलेली औपचारिकता आहे असं समजून पुढे गेले. त्यांच्याकडे फ्लोरिडासारखं काही घडलं नाही, आणि दर महिन्याला काही न घडल्यामुळे समजूत पक्की होत गेली. रुग्णांना बहुतेक वेळा सांगितलंच जात नव्हतं. त्यांनी बोटॉक्स मागितलं होतं, पैसे बोटॉक्सचे दिले होते आणि घरी जाताना त्यांना वाटत होतं की आपल्याला बोटॉक्सच मिळालं.

हे एवढं सहज मिळत कसं होतं, याचं उत्तर कायद्याच्या एका आकड्यात आहे. बोट्युलिनम टॉक्सिन अमेरिकेत जैविक हल्ल्यांच्या भीतीने कडक नियंत्रणाखाली असलेल्या पदार्थांच्या यादीत येतं. पण संशोधन अडू नये म्हणून एका संशोधकाकडे अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत साठा असेल तर त्या नोंदणीतून सूट होती. १०० मायक्रोग्रॅमची कुपी म्हणजे एक दशांश मिलिग्रॅम. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा होती, आणि प्रयोगशाळेसाठी अर्धा मिलिग्रॅम खरोखर थोडा असतो. सुई हातात घेतलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता.

न्यायालयाचं लवकर सांगते. जानेवारी २००६ मध्ये डॉक्टरला तीन वर्षांची कैद झाली. टूसानच्या कंपनीच्या प्रमुखाला नऊ वर्षं झाली, त्याच्या पत्नीलाही शिक्षा झाली. एफडीएच्या तपासातून पुढे ३१ जणांना अटक झाली आणि २९ जण दोषी ठरले, त्यात बरेच डॉक्टर होते. २००९ मध्ये एफडीएने सगळ्या बोट्युलिनम उत्पादनांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा घालायला लावला: टॉक्सिनचा परिणाम टोचलेल्या जागेपासून दूर पसरू शकतो, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर ताबडतोब डॉक्टर गाठा.

दरवर्षी कुणीतरी विचारतं, हे वीस वर्षांपूर्वीचं झालं, आता काय? एप्रिल २०२४ पर्यंत अमेरिकेच्या ११ राज्यांत २२ बायकांना अशा इंजेक्शनांनंतर त्रास झाल्याची नोंद सीडीसीकडे झाली होती, त्यातल्या ११ जणींना रुग्णालयात ठेवावं लागलं. सगळ्यांनी इंजेक्शन घेतलं होतं ते परवाना किंवा प्रशिक्षण नसलेल्या माणसाकडून, नाहीतर घरात, स्पामध्ये. त्याच सुमाराला बोटॉक्सचं हुबेहूब खोकं असलेला नकली माल सापडला. जून-जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये ३८ जणांना अशाच सौंदर्यउपचारांनंतर बोट्युलिझम झाल्याचं तिथल्या आरोग्य सुरक्षा यंत्रणेने कळवलं. २००४ साली कुपी खरी होती आणि मात्रा चुकली. आता खोकंही खरं असेल याचा भरवसा राहिलेला नाही.

मग दुसरा प्रश्न येतो, मॅडम, आपल्याकडे? आपल्याकडे बोट्युलिनम टॉक्सिन हे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली औषध आहे. क्रीम किंवा फेशियलच्या रांगेत त्याची जागा नाही, ते पार्लरच्या दरपत्रकावर असायला नको. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीच्या मावशीला तिच्या ओळखीच्या बाईंनी घरी येऊन 'कोरियन बोटॉक्स' निम्म्या पैशात करून देते म्हणून सांगितलं होतं. मुलीने मला फोन केला. मी तिला एवढंच सांगितलं, की मावशीला विचारायला सांग: खोकं माझ्यासमोर उघडणार का? त्यावर उत्पादनाचं नाव, बॅच नंबर, मुदत आणि आयात किंवा उत्पादन परवान्याचा नंबर आहे का? ते थंड ठेवून आणलं आहे का? किती युनिट टोचणार ते माझ्या कागदावर लिहून देणार का, आणि खाली सही करणार का? मावशीने शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. कोरियात उत्तम, मान्यताप्राप्त टॉक्सिनं बनतात, त्यामुळे देशाच्या नावावर माझा राग नाही. माझा आग्रह त्या लिहून दिलेल्या युनिटांवर आहे. ज्याला युनिट लिहून देता येत नाहीत त्याला आपण काय टोचतोय ते माहीत नसतं.

तास संपत आला की मी 'जामा'चे दोन आकडे फळ्यावर वर-खाली लिहिते, १४,२८६ आणि २,८५७, आणि भागाकार करायला सांगते. यंदा पहिल्या बाकावरच्या मुलीने पटकन उत्तर दिलं, पाच. मग ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली.

"म्हणजे जास्तीत जास्त धरलं तर प्रत्येकाच्या अंगात एका कुपीचा पाचवा हिस्सा गेला असेल?"

"हो."

"मग चौघांना एकच कुपी पुरली असती?"

"पुरली असती," मी म्हटलं. "आणि एक हिस्सा उरला असता."